भोपळ्याची खोटी फुलं

भाद्रपद लागला की माझी चिडचिड सुरू होते. घरात आता ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. मुलगी बापाला हळूच सांगते, आईचा वेलींचा महिना आलाय, जपून. ते खोटं नाही. कल्याणहून भिवंडीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलं की कोन गावापासून पुढे कुंपणं दिसायला लागतात, आणि त्या कुंपणांवर जे काही चढलेलं असतं ते बघून माझ्या कपाळाला आठ्या पडतात. शेजारची बाई म्हणते, किती हिरवंगार झालंय ना. मी हो म्हणते आणि मनातल्या मनात नावं लावत बसते. हा दोडका. हे घोसाळं. हे रानतोंडलं. ते पिवळं काय होतं, गाडी पुढे गेली, कळलं नाही. मग उरलेला सगळा रस्ता ते न कळलेलं पिवळं फूल डोक्यातून जात नाही.

मी एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भोपळ्याचं कूळ याच महिन्यात शिकवते, कारण आत्ताच ते हात लावाल तिथे मिळतं. मुलांना नमुने आणायला सांगते. मुलं आणतात. म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं एक मलूल पान आणतात आणि विचारतात, मॅडम, हे काय आहे? मला काय माहीत ते काय आहे. फूल आणलंस का? नाही. फळ? नाही. तणावा तरी? तणावा म्हणजे काय, मॅडम? वेल ज्याने काठीला धरून वर चढते तो पिळाचा दोरा, बाबा, तो. तो पिशवीत बसत नव्हता म्हणून तोडून टाकला, असं उत्तर येतं. मी डोक्याला हात लावते. काल्हेरकडून येणारा एक मुलगा तर गोदामाच्या तारेच्या कुंपणावरून अख्खी वेल ओढून घेऊन आला आणि तिचं प्रत्येक फूल वाटेत गळून पडलं होतं.

आता मुलांना तरी किती बोलायचं? हे कूळच माणसाला चकवणारं आहे. बी रुजतं तेव्हा जाड, गुळगुळीत अशी दोन दलं वर येतात, आणि दुधी असो, काकडी असो, भोपळा असो, ती दोन दलं दिसायला जवळजवळ सारखीच. मग खरबरीत पानं येतात, पाच कोपऱ्यांची, तीही एकमेकांच्या वळणावर गेलेली. पुस्तक म्हणतं फूल बघा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचं फिकट पिवळं दिवस कलल्यावर, घोसाळ्याचं गडद पिवळं मात्र सकाळी. म्हणजे दोडका आणि घोसाळं ओळखायचं तर दोनदा जायचं. काकडीचा तणावा एकेरी, भोपळ्याचा फाटे फुटलेला, तोही पावसात तुटलेला नसेल तर. करटोलीचा प्रकार तर विचारूच नका. तिथे एक अख्खी वेल नर आणि दुसरी अख्खी वेल मादी. नराच्या वेलीखाली टोपली घेऊन उभं राहिलं तर जन्मभर एक करटोली मिळायची नाही.

नावांचा घोळ वेगळाच. शेलारला, माझ्या माहेरी, आम्ही ज्याला घोसाळं म्हणायचो त्याला खाली कोकणातली माणसं पारोसं म्हणतात. आमच्या घरामागच्या शेडमध्ये लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवणारे कारीगर त्यालाच नेनुआ म्हणत. त्यातला एकजण दुधीला कद्दू म्हणायचा आणि दुसरा भोपळ्याला, आणि दोघेही जौनपूरच्या बाजूचेच. एकदा दोघांची त्यावरून चांगली जुंपली होती. शिफ्ट बदलायची वेळ झाली तरी भांडण मिटेना. मला तेव्हा वाटलं होतं, लॅटिन नाव असतं ते याचसाठी. ते एकदा कळलं की भांडण संपतं. असं मला खरोखर वाटत होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

तो पावसाळा ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा. शेलारला आमचं घर, पुढे अंगण, बाजूला गोठा, आणि मागे पूर्वी जिथे भात लावायचे तिथे लूमची लांबलचक शेड. वडील गेल्यावर दादाने ती जमीन एका लूमवाल्या शेठला भाड्याने दिली आणि स्वतःच शेडवर देखरेखीला लागला. दिवसरात्र खटखट चालायची. शुक्रवारी वीज बंद, लूम बंद, तेव्हा आम्हाला कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. कापसाचा बारीक भुरा उडून सगळीकडे बसे. वेलींच्या पानांवर लव असते, त्या लवेत तो अडकायचा आणि भोपळ्याची पानं लांबून म्हातारी दिसायची. कॉलेजसाठी नमुने दाबायला घेतले की आधी ओल्या फडक्याने तो भुरा पुसायला लागायचा, आणि पुसताना लव जायची. आमच्या मॅडम म्हणायच्या, पानावर लव आहे की नाही हे ओळखीचं लक्षण आहे. मी म्हणायचे, मॅडम, भिवंडीत नाही.

घरात आम्ही चौघं होतो. आई, दादा, मी आणि सुमनवहिनी. वहिनी कोनची. उंच, सडसडीत, हसायला लागली की तोंडावर पदर धरायची पण हसणं काही थांबायचं नाही. सातवीपर्यंत शिकलेली, आणि पुढे शिकायचं राहिलं याची खंत बोलून दाखवणारी. मला ती वन्सं म्हणायची, पण आमचं वागणं मैत्रिणींचं. तिच्या लग्नाला चार पावसाळे होऊन गेले होते आणि घरात मूल नव्हतं. त्या वर्षी आमच्या घरात खरा प्रश्न एकच होता, वहिनीला ठेवायचं की माहेरी पाठवून द्यायचं. तो कुणी तोंडाने विचारत नव्हतं. पण भात वाढताना, पाणी भरताना, पाहुणे आले-गेले की तो असायचाच. वहिनीला तो आमच्या सगळ्यांच्या आधी कळलेला होता.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तपासलं होतं. मीच बरोबर गेले होते. बाई म्हणाल्या, हिच्यात काही दोष दिसत नाही, आता नवऱ्याला तपासायला पाठवा. घरी येऊन मी ते आईसमोर आणि दादासमोर जसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाला, शेडवर ड्युटी आहे, लूम सोडून कसा जाऊ. मग म्हणाला, बघू दिवाळीनंतर. आई उठून गुरांना पाणी दाखवायला गेली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

मग शिवलिंगी आली. ही या कुळातली एक रानवेल. कुंपणावर चढते, बोराएवढी गोल फळं धरते, आधी हिरवी, मग लाल, आणि त्यांवर पांढरे उभे पट्टे. आतल्या बीला पिंडीसारखा आकार, त्यावरून नाव. तिचं बी खाल्लं की मूल होतं असा समज. आईने मला बोलावून विचारलं, तू कुंपणं धुंडाळत फिरतेस, तर ती वेल कुठे दिसली का. एवढी वर्षं मी शिकत होते, पण आईने माझ्या शिक्षणातलं काही विचारलं ते हे पहिलं. मला शरम वाटली आणि राग आला. मी सांगितलं, वेल आहे, ओढ्याकडच्या बांधावर, पण त्याने काहीही होत नाही. आईने माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्या दिवशी वहिनी दुधाबरोबर बिया गिळत होती. माझ्याकडे बघून तिने एक डोळा मिचकावला. मला मात्र हसू आलं नाही.

नमुने गोळा करायला वहिनी माझ्याबरोबर यायची. घरातून बाहेर पडायला तिला तेवढं एक निमित्त होतं. दुपारी जेवणं आटपली की आम्ही बांधाने जायचो. तिला ते ओळखणं फार आवडायला लागलं. मात्र तिचं माझ्यासारखंच व्हायचं, दहातली चार चुकायची. एकदा कवंडळाच्या कोवळ्या वेलीला तिने पडवळ म्हटलं आणि मीही हो म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला लालभडक फळ लागलेलं बघून आम्ही दोघी तिथेच चिखलात उभ्या राहून हसत सुटलो. पण एक गोष्ट तिला पहिल्याच दिवशी पक्की समजली, नर फूल आणि मादी फूल. आमच्या गोठ्याच्या छपरावर भोपळ्याची वेल होती. शिडीवर चढून मी तिला दाखवलं की हे बघ, याचा देठ लांब आणि बारीक आहे, हे नर. आणि याचा देठ आखूड, फुलाच्या खाली मण्याएवढा भोपळा आधीच आहे, ही मादी. नराचा पराग मादीला मिळाला तरच तो मणी वाढतो, नाहीतर पिवळा पडून सडतो.

वहिनीने विचारलं, हा का? आणि त्या मण्याकडे बोट केलं.

आमच्याकडे वेलीवरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत. बोट दाखवलं की फळ सडतं म्हणतात. दाखवायचंच झालं तर मूठ वळून दाखवायचं. लहानपणी मी किती वेळा पाठीत धपाटा खाल्ला असेन त्यापायी. आता मला सांगा, ज्या घरात बोट दाखवायची बंदी, तिथे वनस्पती ओळखायला शिकवायचं कसं? हे फूल, हे पान, असं म्हणताना हात आपोआप पुढे जातो. माझा रोज जात होता. पण त्या दिवशी शेजारची काकी गोवऱ्या घेऊन अंगणातून चालली होती आणि तिने पाहिला तो वहिनीचा हात. ती थांबली, वर बघितलं, आणि सरळ आत आईकडे गेली.

तो मणी सडला. सडणारच होता. त्यामागचा सडला, त्याच्या मागचाही सडला. आणि का सडत होते ते मला दिसत होतं. आई रोज पहाटे उठून छपरावरची लांब देठाची फुलं खुडायची. ती खोटी फुलं, असं ती म्हणायची. त्यांना फळ धरत नाही, उगाच वेलीची ताकद खातात, त्यापेक्षा खुडून भजी केलेली बरी. तिच्या आईनेही तसंच केलं होतं. एरवी वेली भरपूर असायच्या, काकीच्या परसात, पलीकडच्या वाड्यात, भुंगे कुठून ना कुठून पराग घेऊन यायचे आणि आईचं खुडणं खपून जायचं. त्या वर्षी काकीच्या परसात शेठची दुसरी शेड उभी राहिली होती, पलीकडे गोदामाचा पाया खणला होता. आसपास भोपळ्याची वेल उरली ती आमची एकच. तिची नर फुलं रोज सकाळी आमच्याच कढईत जात होती.

मी आईला सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, फूल फाडून दाखवलं. तिने बोटाला लागलेला पिवळा पराग बघितला, पदराला पुसला. म्हणाली, "तुझ्या पुस्तकात असंल तसं. माझ्या आईच्या छपरावर पंधरा-वीस भोपळे धरायचे, ती पण खुडायची." भुंगे, अंतर, शेजारची शेड, सगळं सांगत बसले. सांगता सांगता माझा आवाज चढला. आवाज चढला की आमच्या घरात मुद्दा हरला असं धरतात.

मधल्या काळात काकीने आपलं काम केलं होतं. विहिरीवर बोललं जाऊ लागलं की सुमनचा हात वेलीला मानवत नाही. मग कुणीतरी म्हणालं, वेलीलाच काय. पुढचं वाक्य कुणी पुरं करायची गरज नव्हती.

ऋषिपंचमीला सगळं वर आलं. त्या दिवशी आमच्याकडे भाजी लागते ती बैलाच्या कष्टाची नको, नांगराखालच्या जमिनीतली नको. परसात हाताने लावलेलं, हाताने खुडलेलं तेवढंच चालतं. अळू, पडवळ, दोडका, काकडी, आणि भोपळा तर हवाच. घरच्या वेलीचा भोपळा आमच्याकडे कधी चुकला नव्हता. त्या वर्षी दादाला भिवंडीच्या बाजारातून विकतचा भोपळा आणावा लागला, कुठल्या नांगरलेल्या शेतातला कोण जाणे. आईने तो चिरला, भाजीत घातला आणि स्वतः ती भाजी तोंडात घातली नाही. दिवसभर उपाशी राहिली. संध्याकाळी कुणाकडेही न बघता म्हणाली, "गौरी गेल्या की सुमनला कोनला सोडून ये. थोडे दिवस राहू दे तिकडं."

थोडे दिवस म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. दादा मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले की आता तरी हा काही बोलेल. त्याने चप्पल घातली आणि शेडवर गेला. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती, आणि तो माझा लाडका भाऊ होता, हेही सांगायला हवं.

जायच्या दिवशी पहाटेच वहिनीने मला हलवून उठवलं. म्हणाली, "वन्सं, चला. आज तीन मादी फुलं उमलणार हायत. मी काल कळ्या बघून ठेवल्यात." आई अजून उठली नव्हती, निदान मला तसं वाटलं. पाऊस थांबलेला, छप्पर ओलं, शिडी निसरडी. मी खाली शिडी धरली आणि वहिनी वर चढली. तिने लांब देठाचं फूल तोडलं, पाकळ्या सोलून काढल्या, आतला पिवळा दांडा मोकळा केला आणि मादी फुलाच्या आत हळूच टेकवला, फिरवला, पुन्हा टेकवला. असं तिन्ही फुलांना केलं. तिची बोटं पिवळी झाली होती. मी एकदाच सांगितलं होतं, आणि तिने मनाशी धरून ठेवलं होतं. मग तिने केळीच्या सोपाच्या दोऱ्याने तिन्ही फुलांची तोंडं बांधली, पाऊस आत जाऊ नये म्हणून. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिला सुचलं.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "धरलं तर सगळ्यांना कळंल ना, माझ्या हातात काय खोट न्हाय ते?"

मी म्हटलं, कळेलच. शास्त्रच आहे ते. कळल्याशिवाय कसं राहील.

दहाच्या सुमाराला दादा तिला घेऊन कोनला गेला. सगळ्यांच्या पाया पडताना तिने हात पदराखाली झाकून धरले होते. बोटांवरचा पिवळेपणा धुऊनही गेला नव्हता.

पितृपक्षात भोपळे धरले. तिन्ही. आधी लिंबाएवढे, मग पेरूएवढे, मग बघता बघता नारळाएवढे. मी रोज सकाळी अंगणात उभी राहून ते बघायचे आणि मला वाटायचं की आता बोलायला नको, आता ते भोपळेच बोलतील. आणि काकी आली, तिने वर बघितलं, मूठ वळून ते तिन्ही दाखवले आणि आईला म्हणाली, "बघ, मी म्हणत व्हते ना? सून गेली नि वेल धरली."

मी तिथेच होते. मी ओरडून सांगितलं की ते तिने केलंय, सुमनवहिनीने, जायच्या दिवशी सकाळी, मी शिडी धरली होती, तिच्या हाताने धरलेत ते भोपळे. काकी आधी दचकली, मग हसली. म्हणाली की आता फुलांची लग्नंही माणसं लावायला लागली वाटतं, कॉलेजात हे शिकवतात होय. विहिरीवर ही गोष्ट दोन दिवस चालली. पुढे ती गोष्टही गेली आणि सून गेली नि वेल धरली एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. मी जे जे म्हणून सांगितलं, त्यातला एक शब्द कुठे टिकला नाही. त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत ताटल्यांत मांडलेले सगळे नमुने मी बरोबर ओळखले, मॅडमनी पाठ थोपटली, आणि घरी येऊन मी कुणालाही ते सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आई मागच्या पायरीवर बसून त्यांतला एक भोपळा चिरत होती. लूम बंद होते, शुक्रवार होता. मी तिच्यासमोर बसले आणि शेवटचं म्हणून पुन्हा सगळं सांगायला घेतलं, शांतपणे, पहिल्यापासून. नर फूल कसं असतं, मादी कसं असतं, परागाचं काय होतं. आईने विळी थांबवली नाही.

ती म्हणाली, "मना माहीत हाय. त्या दिवशी मी चुलीपाशीच व्हते. तुम्ही दोघी शिडीवर काय करत व्हत्या ते मी बघितलं."

मी विचारलं, मग काकीसमोर बोलली का नाहीस.

"बोलले असते तर सुमनच्या हातात खोट न्हाय असं ठरलं असतं," आई म्हणाली. "मग खोट कुणात, हे लोकांनी विचारलं असतं का न्हाय?" बिया तिने एका बाजूला काढल्या, पुढची फोड विळीवर धरली. "बाईला माहेर तरी असतं, बाय. पुरुषाला कुठं धाडायचं?"

एवढे दिवस मी धरून चालले होते की या घराला कळत नाही म्हणून हे होतंय. कळलं की थांबेल. त्यासाठी मी फुलं फाडत होते, घसा फोडत होते. आणि आईला डॉक्टरीणबाईंचं बोलणं कळलं होतं, लांब आणि आखूड देठ कळले होते, परागही कळला होता. तिने सगळं नीट समजून घेऊन मग वहिनीला पाठवलं होतं. मी तिथून उठले आणि आत जाऊन बसले. मला आईचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, त्याचाच जास्त राग आला. तिच्या जागी मी काय केलं असतं, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

पुढे रीतसर सोडचिठ्ठी झाली. चार माणसं बसली, चहा झाला, कोनच्या लोकांनी भांडीकुंडी नेली. वहिनीला मी त्यानंतर एकदाच भेटले, कल्याणच्या एसटी स्टँडवर. तिने माझे दोन्ही हात धरले, परीक्षेचं विचारलं, लग्न ठरलं का विचारलं, आणि तिची गाडी आली. तिचं नंतर दुसरं लग्न झालं एवढं कानावर आलं. तिला मुलंबाळं झाली की नाही हे मी मुद्दाम विचारलं नाही. कुणी सांगायला आलं तरी मी विषय बदलला. वहिनी मला पुरावा म्हणून नको होती. आमच्या घरात तिला तसंच तर बघितलं गेलं होतं.

वर्षं गेली. शेलारचा गोठा पाडून तिथे दोन खोल्या काढल्या, भाडेकरू आले. भोपळ्याला आता छप्परच नाही. मी शिकवायला लागले, संसाराला लागले. दरवर्षी या दिवसांत फळ्यावर एक लांब देठाचं आणि एक आखूड देठाचं फूल काढते, मुलं ते वहीत उतरवतात, आणि मी उगाचच कुणावर तरी खेकसते. परवा एका मुलीने विचारलं, मॅडम, नर फुलं नसतील तर दोष कुणाचा धरायचा, वेलीचा का? साधा प्रश्न होता. मी तिला इतकं बोलले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तासानंतर तिला बोलावून तिची समजूत काढावी लागली.

माझं असं का झालं ते सांगायला हवं. दादाचं दुसरं लग्न होऊनही आता बरीच वर्षं लोटली आहेत. ही वहिनीही चांगली आहे, अबोल आहे, मान वर करून बघत नाही. हिलाही मूल नाही. हिलाही कल्याणला नेऊन आणलं आहे, आणि दादाची ड्युटी अजून तशीच आहे. मागच्या आठवड्यात मी आईला फोन केला, गौरींच्या तयारीचं विचारायला. ती थकली आहे आता, हळू बोलते. इकडचं तिकडचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली की गौरी गेल्या की हिला थोडे दिवस माहेरी पाठवायचं चाललंय.

मी फोन ठेवला. आम्हा दोघींनाही सगळं माहीत होतं.

उद्या रविवार आहे. मी शेलारला जाणार आहे. आईशी वाद घालायला नाही, आणि वेल, फूल, पराग यातलं एक अक्षरही मी काढणार नाही. दादा शेडवर असेल तर शेडवर जाईन. लूम चालू असतील तर बंद करायला सांगेन, म्हणजे मी काय म्हणते ते त्याला आणि तिथल्या सगळ्या कारीगरांना ऐकू येईल. त्याला एवढंच विचारायचं आहे, सोमवारी डॉक्टरकडे तू एकटा येतोस की मी बरोबर येऊ.